निवटी म्हणजे अर्धा बेडूक नव्हे

ठाण्याच्या खाडीपुलावरून ओहोटीच्या वेळी खाली चिखलात टुणटुण उड्या मारणारं काही दिसलं, की कुणीतरी हमखास सांगतं: "तो बेडूक होत चाललेला मासा आहे, त्याला फुप्फुसं असतात." वर्षानुवर्षं फिरत असलेली ही माहिती चुकीची आहे.

चिखलात उड्या मारणारा हा जीव म्हणजे निवटी. तो शंभर टक्के मासा, गोबी नावाच्या माशांच्या गटातला. त्याला फुप्फुसं नसतात. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो हवेतला प्राणवायू घेतो. त्वचा सुकली की संपलंच, म्हणून तो मध्येच कुशीवर पडून चिखलात लोळून घेतो. डोळेही तसेच: क्षणभर खाली खोबणीत ओढले जातात, ओले होऊन परत वर येतात. पुढचे पर कुबड्यांसारखे टेकत तो सरकतो. उडी मात्र शेपटीच्या जोरावर.

बेडकांचे पूर्वज साधारण 37 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्याच, मांसल परांच्या माशांतून आले. निवटीचा त्या वंशाशी संबंध नाही; जमिनीवर येण्याची युक्ती त्याने स्वतंत्रपणे कमावली.

खरी गंमत बिळात आहे. कांदळवनाच्या चिखलात खोल, जिथे पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, तिथे अंडी घातली जातात. मग काही जातींतला नर वर येतो, तोंडभर हवा घेतो आणि ती खाली नेऊन सोडतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि हो, कोळीवाड्यांत निवट्यांचं कालवण चवीने खातात. तिथे त्याला बेडूक म्हणून बघाच.