वाळूच्या पोटातली वहिवाट

राजस्थानातलं डीडवाना मिठासाठी प्रसिद्ध. तिथल्या खाऱ्या सरोवराजवळ वाळूची एक टेकडी आहे. पुरातत्त्वाच्या दप्तरी तिचं नाव ‘16 आर’. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात या टेकडीत सुमारे 18 मीटर खोल चर खणला. सहा मजली इमारत उभी मावेल एवढा! आणि वेगवेगळ्या खोलीवर माणसाने घडवलेली दगडी हत्यारं निघाली.

चराच्या भिंतीत नुसती वाळू नाही. मधूनमधून चुनखडीच्या कंकरांचे पांढरट, टणक पट्टे आहेत. पावसाचं पाणी मुरतं, वाळूतला चुना विरघळवून खाली नेतं आणि तिथे त्याचे खडे जमतात. हे घडायला टेकडी बराच काळ जागेवर थांबावी लागते, अंगावर गवत-झुडपं असावी लागतात. असा पट्टा दिसला की समजायचं, तेव्हा थरच्या वाळवंटात बरे दिवस होते.

वय काढायचं ते वाळूच्याच कणांवरून. उन्हात कणाची पाटी कोरी होते. गाडला गेला की भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्यात ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत ती प्रकाशरूपाने बाहेर काढून मोजतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी असा सुमारे 2 लाख वर्षांचा इतिहास मांडला. त्यातून एक गंमत कळली. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, थर कोरडं ठणठणीत होतं, तरी टेकड्या फारशा वाढल्या नाहीत. इथली वाळू वाहून नेतो तो नैर्ऋत्य मोसमी वारा, आणि तोच तेव्हा मंदावला होता. पुढे मोसमी पाऊस सावरू लागला तेव्हा आधी वारा आला, झाडोरा मागून. टेकड्या वाढल्या त्या या मधल्या काळात.

म्हणून ‘वाळवंटातला आदिमानव’ म्हटल्यावर तहानलेला, भटकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, ते चित्र मला अपुरं वाटतं. सरोवरात गोडं पाणी असायचं तेही दिवस या भागाने पाहिलेत. सुमारे 6,000 वर्षांपूर्वी डीडवाना सरोवर असंच भरलेलं होतं. माणसं पाण्याचा कल बघून मुक्काम करत असणार.

जवळच्याच सिंगी तलाव इथे, जुन्या पाणथळीच्या काठी, त्याहून कितीतरी आधीच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. त्यांच्यासोबत होते सहा छोटे स्फटिक. हत्यार करायला अगदीच लहान. कुणीतरी ते दुसरीकडून उचलून इथवर आणले होते.