मे महिन्यातलं पाणी बघून इंजिन घ्या
उजनी बॅकवॉटरच्या होडीवाल्यांसाठी, लाँग टेल इंजिनाविषयी

दुकानात येणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या काठाला मे महिन्यात पाणी किती असतं? धरण भरलेलं असताना कुठलंही इंजिन चालतं. खरी परीक्षा धरण मायनसमध्ये गेल्यावर, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठा उरल्यावर. भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडे तेव्हा पाणी मागे सरकतं, चिखल उघडा पडतो आणि आउटबोर्डचा, म्हणजे होडीमागे उभ्या लावायच्या नेहमीच्या इंजिनाचा, पाय गाळात रुततो. तुमच्याकडे बारा महिने कमरेएवढं पाणी असेल, तर साधं आउटबोर्डच घ्या. आवाज कमी, शिवाय बहुतेकांना रिव्हर्स असतो. (आम्ही ते विकत नाही, तरीही सांगतो.)

लाँग टेलमध्ये इंजिन होडीच्या मागच्या फळीवर उंच बसतं. तिथून लांब शाफ्ट तिरका मागे जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. इंजिन हवेवर थंड होतं, गाळाचं पाणी आत ओढत नाही, म्हणून चिखलात टिकतं. पण चिखलावर थोडं तरी पाणी लागतंच. घट्ट गाळात पंखा नुसता खड्डा करत बसतो.

आणि उथळ पाण्यात इंजिनाआधी होडीच टेकते. खोल पोटाची होडी असेल तर आमचं इंजिन लावून पैसे वाया जातील. तळ सपाट हवा. 14 फूट लांब आणि 4 फूट रुंद सपाट तळाची होडी साधारण सव्वाशे किलोमागे एक इंच खाली बसते. म्हणजे दोन पाहुणे जास्त घेतले की पाणी एक इंच जास्त लागणार. अरुंद होडीत मात्र इंजिनाचा झटका बसला की ती कलते.

साडेसहा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन अशा होडीला पुरतं. भार असताना तासाला दीड लिटरच्या आसपास धरा. कॅन जवळ असू द्या, पण चालू इंजिनात पेट्रोल ओतू नका.

चालवताना दांडा खाली दाबला की पंखा वर येतो. चालू करायला दोरी ओढताना पंखा पाण्याबाहेरच ठेवा, मग हळूच टेकवा. पंखा जेमतेम पाण्याखाली राहिला की होडी चांगली पळते. खोल घातला तर नुसता जोर खातो. या इंजिनाला रिव्हर्स नाही, ब्रेकही नाही. थांबायचं तर पंखा उचला आणि बांबू टेकवा. मात्र उचललेल्या पंख्याला पूर्ण रेस देऊ नका, टोकाचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती बारकी नळी) पाण्यावरच थंड होतो. जलपर्णी गुंडाळली तर पंखा एकदोनदा वर घ्या, बहुतेक वेळा सुटते. नायलॉनचं जाळं तसं सुटत नाही. तेव्हा इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, आणि मगच हात घाला.

पक्षी दाखवायला नेत असाल तर थव्यापासून लांबच इंजिन बंद करा. या आवाजाने फ्लेमिंगो उडाले, तर पाहुण्यांना दाखवणार काय?

उन्हाळ्यात संध्याकाळी ढग दाटले की निघू नका. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून 6 जण गेले. त्या पाण्यावर तुम्ही रोज असता, जास्त काय सांगावं. माणशी एक जॅकेट, आणि ते अंगात. किल स्विचची (ओढला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला. होडीची नोंदणी आणि परवान्याची चौकशी इंजिन घेण्याआधी करा.

रोज काम संपलं की शाफ्टच्या नळीत ग्रीस भरा, शेवटच्या टोकातून ताजं ग्रीस दिसेपर्यंत. आमच्याकडे परत येणारी बहुतेक इंजिनं या एका कंटाळ्यामुळे येतात. ऑइल पहिल्या 20 तासांनी बदलायचं, नंतर दर 100 तासांनी. बदलायला याल तेव्हा पंखाही काढून आणा, दगडावर घासलेली पाती बघून सांगता येतं किती दिवस चालेल.