दोनशे मिलिसेकंदांचा शिष्टाचार

एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासून 2009 मध्ये हे दाखवलं. जपानी भाषक सर्वांत झटपट उत्तर देतात, डॅनिश सर्वांत सावकाश. पण या दोन टोकांमधलं अंतरही अर्ध्या सेकंदाच्या आतच.

आता अडचण अशी की साध्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव उच्चारायलाच मेंदूला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. मग आख्खं उत्तर पाव सेकंदात येतं कुठून? समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेतो आणि आपलं वाक्य जुळवायला लागतो. त्यामुळे ‘आधी पूर्ण ऐका, मगच उत्तराचा विचार करा’ हा लाडका उपदेश शब्दशः पाळणं कुणालाच जमणारं नाही. मधे तोंड घालू नये, एवढं मात्र जमतं.

या वेळेतला थोडासा फरकही बोलका असतो. होकार पटकन येतो, नकार रेंगाळतो. “उद्या मदतीला येशील का?” यानंतर दुसरीकडे शांतता पसरली, की विचारणारा स्वतःच म्हणतो, “म्हणजे, जमत असेल तरच हं!” व्हिडिओ कॉलवर हाच कान आपल्याला फसवतो. आवाज उशिरा पोहोचतो तो यंत्रणेमुळे, पण आपल्याला वाटतं की समोरच्याचं लक्ष नाही.

ऐकणारा गप्प असला तरी त्याचं काम चालू असतं, हे जेनेट बव्हेलस यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फार छान दिसतं. लोकांना थोडक्यात निभावलेला एखादा प्रसंग सांगायला लावला. काही श्रोत्यांना मात्र गुपचूप वेगळं काम दिलं होतं: ठरावीक अक्षराने सुरू होणारा शब्द आला, की बटण दाबायचं. हे श्रोते कान देऊन प्रत्येक शब्द ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. ‘बापरे’ म्हणणं, ऐन क्षणी चेहरा कसनुसा करणं त्यांच्याकडून होईना. परिणाम सांगणाऱ्यावर झाला. नेमका शेवटच फसला: कुणी तो गुंडाळला, कुणी तेच तेच सांगत बसला, कुणी त्यात विशेष काय होतं याचं समर्थन करू लागला. मोबाइलकडे बघत “बोल, ऐकतोय मी” म्हणणारा बहुधा खोटं बोलत नसतो. पण समोरच्याची गोष्ट तो बिघडवत असतो, आणि ती रटाळ झाल्याचं खापर मात्र सांगणाऱ्याच्या माथी!

नीट ऐकू आलं नाही तर विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून अनेकजण नुसतीच मान डोलावतात. याची खरं तर गरज नाही. मार्क डिंगमान्सा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 12 भाषांतल्या गप्पा तपासल्या, तेव्हा सरासरी दर दीड मिनिटाच्या आत कुणीतरी ‘काय?’, ‘कोण?’ असं विचारतच होतं. विचारण्याची तऱ्हाही सगळीकडे सारखीच. काहीच कळलं नसेल तर ‘काय?’, माणूस कळला नसेल तर ‘कोण म्हणालास?’, आणि बहुतेक सगळं कळलं असेल तर ‘म्हणजे परवा ना?’. जितकं नेमकं विचारता येईल तितकं माणसं विचारतात, कारण ‘काय?’ म्हटलं की समोरच्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ‘परवा ना?’ला नुसतं ‘हो’ पुरतं.