काट्याला न दिसणारी झीज

केमोच्या दिवशी रुग्णाला आधी वजनकाट्यावर उभं करतात. मागच्या वेळी ६२ किलो, आजही ६२. घरचे निर्धास्त होतात, "वजन टिकून आहे हो!" पण मधल्या काळात दंड-मांड्यांचं मांस झडून पोटात नि पायांत पाणी साठलं असेल, तरी काटा ६२च दाखवणार.

मांस किती उरलंय, हे कळण्याची सोय बहुतेकदा रुग्णाच्या फायलीतच असते. गाठ पाहायला काढलेला पोटाचा सीटी स्कॅन. त्यातला कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा एक आडवा काप घ्यायचा. मधोमध पांढरा मणका, त्याला बिलगून राखाडी स्नायू, भोवती काळपट चरबी. तिथलं स्नायूंचं क्षेत्रफळ मोजून त्याला उंचीच्या वर्गाने भागलं की अख्ख्या शरीरातल्या स्नायूंचा चांगला अंदाज येतो.

स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो. हवा उणे १०००, पाणी ०, स्नायू साधारण उणे २९ ते १५०. मग नुसत्या अंकांवरून स्नायू का निवडता येत नाहीत? कारण यकृत, मूत्रपिंड, आतड्यांचे अंकही त्याच टप्प्यात येतात. म्हणून जाणकाराला माउस धरून स्नायूंची कड हाताने आखावी लागे. गजबजलेल्या ओपीडीत एवढी सवड कुणाला? इथे कृत्रिम बुद्धिमत्ता खरोखर कामाला आली. हाताने आखलेले असंख्य काप पाहून ती कड ओळखायला शिकते आणि काही सेकंदांत स्नायू वेगळे रंगवून देते. अंगावर सूज असली की तीही चुकते, तेव्हा तो रंगवलेला काप रेडिओलॉजिस्टने नजरेखालून घालायलाच हवा.

हा खटाटोप कशासाठी, ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या २००८ सालच्या अभ्यासात दिसलं. कर्करोग झालेल्या २५० लठ्ठ रुग्णांपैकी १५ टक्क्यांचे स्नायू चरबीआड पार झडलेले होते, आणि ते इतर लठ्ठ रुग्णांपेक्षा कमी जगले. शिवाय अनेक केमो औषधांचा डोस उंची-वजनावर ठरतो. स्नायू कमी असलेल्या शरीराला तोच डोस जड जाऊ शकतो.

स्नायूंचं क्षेत्रफळ भागिले उंचीचा वर्ग, या आकड्यासाठी त्या अभ्यासाने धोक्याची रेषा पुरुषांसाठी ५२.४ आणि बायकांसाठी ३८.५ (चौरस सेंटिमीटर दर चौरस मीटर) अशी धरली. ती आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला जोडफोटो पाहा. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्या माणसांची रेषा आपल्याच माणसांच्या स्कॅनवरून काढावी लागेल. ते स्कॅन इथल्या रुग्णालयांच्या संगणकांत वर्षानुवर्षं पडून आहेत, आणि आता ते हाताने आखत बसायचीही गरज उरलेली नाही.