मेळघाटच्या पावसाळी आरोग्य मोहिमा: पार्श्वभूमी

बालमृत्यूची पहिली बातमी छापून आली की मेळघाटात जाणाऱ्या आरोग्य मोहिमांची चर्चा दरवर्षी नव्याने सुरू होते. शहरातले डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी, नोकरीतून रजा काढलेली मुलेमुली सातपुड्याच्या त्या डोंगराळ गावांत जाऊन आठ-दहा दिवस राहतात, ही प्रथा आता पंचवीस वर्षांहून जुनी आहे. या मोहिमा पावसाळ्यातच का निघतात आणि त्यांच्यावरून वाद का झाले, हे मात्र बातमीत सहसा येत नाही.

फार मागे जायचे कारण नाही. इंग्रजांनी चिखलदरा वसवले, साग राखीव केला, इतके पुरे. आजच्या अडचणींचा पाया 1974 चा. त्या वर्षी व्याघ्र प्रकल्प झाला, 1980 मध्ये वनसंवर्धन कायदा आला, आणि मेळघाटच्या चिखलदरा-धारणी या दोन तालुक्यांत रस्ता करायचा असो की विजेचे खांब रोवायचे असोत, वनखात्याची परवानगी हा पहिला अडसर होऊन बसला. हतरू किंवा रंगुबेलीच्या बाजूला पावसाळ्यात जाऊन पाहावे. नाला भरला की गाव तुटले. धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, तीही घाटाने. तापलेले मूल कडेवर घेऊन निघालेल्या बाईला धारणीपर्यंत पोचणेच जड.

पावसाळ्याचे गणित एवढ्यावर संपत नाही. दिवाळीनंतर इथली कोरकू आदिवासी कुटुंबे कामासाठी खाली सपाटीवर उतरतात, होळीला परततात. आषाढ येईपर्यंत घरातले धान्य सरत आलेले असते आणि पेरणी-निंदणीची घाई नेमकी तेव्हाच. आईबाप शेतावर, तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती. ओल, गढूळ पाणी, जुलाब, न्यूमोनिया. मृत्यूंची रास जुलै ते ऑक्टोबरात पडते ती यामुळे.

1993 च्या सुमारास या मृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 1995 मध्ये सरकारने नवसंजीवनी योजना काढली. तिच्यातून भरारी पथके आली: एक गाडी, औषधांची पेटी आणि मानसेवी वैद्यकीय अधिकारी. त्यातले बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर, आणि पुढची कितीतरी वर्षे तुटपुंज्या मानधनावरच. या मंडळींनी केलेल्या पायपिटीची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही. स्वयंसेवकांचे फोटो मात्र पुष्कळ छापून आले.

स्वयंसेवकांची मोठी लाट 1997 ची. पुण्यातल्या काही तरुणांनी वर्तमानपत्रे वाचून पावसाळाभर आळीपाळीने तुकड्या पाठवायचे ठरवले. एकेका गावात दोघे-तिघे, मुक्काम आश्रमशाळेत नाहीतर अंगणवाडीत. घरोघरी फिरायचे, झोळीच्या ताणकाट्यावर बाळाचे वजन करायचे, विहिरीत क्लोरिन टाकायचे, मीठ-साखर-पाणी शिकवायचे, खरजेला औषध लावायचे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. म्हणून गावातला शिकलेला पोरगा दुभाष्या म्हणून सोबत. भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, आधी गेलेले मूल पोटावर तापल्या विळ्याचे डाग घेऊन समोर यायचे. या प्रकाराला तिकडे डंबा म्हणतात. तो पाहून पहिल्या तुकड्यांतल्या अनेकांचा धीर खचला, रागही आला. रागाने काही साधत नाही हे कळायला दोन-तीन पावसाळे गेले. पुढे आरोग्य खात्यानेच भूमकांना हाताशी धरून रुग्ण केंद्रात आणायला सांगितले, तो बराच शहाणा निर्णय होता.

खरा वाद पेटला तो औषधावरून. तुकडीत डॉक्टर नसेल तर बिगरडॉक्टर स्वयंसेवकाने न्यूमोनियाच्या मुलाला प्रतिजैविक द्यावे का? आणि तुकडी निघून गेल्यावर ते कुणी द्यावे?

उत्तराची तयारी विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत आधीच झाली होती. तिथे 1988 पासून गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि दाया न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देत होते. त्याचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. ओळखायची रीत सोपी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजायचा. ज्या बाईला 50 पर्यंत मोजता येत नाही तिच्यासाठी मण्यांची पाटी केली होती. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला तर औषध सुरू. त्याच गावांत 1996 पासून याच्याही पुढची पायरी गाठली गेली: गावातल्याच बायका नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर घरी जाऊन जेन्टामायसिनचे इंजेक्शन देऊ लागल्या. 1999 मध्ये आकडे आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता.

आक्षेप कमी नव्हते, आणि सगळे पोकळही नव्हते. प्रतिजैविके बेताल वापरली जातील, सुई चुकीच्या जागी बसेल, गरिबांसाठी दुय्यम दर्जाचे उपचार ही नवी रीत पडेल. यातला शेवटचा मुद्दा ऐकायला न्याय्य वाटतो. पण पावसाने तुटलेल्या गावात अव्वल दर्जाचे उपचार वाट पाहत बसलेले नव्हते. निवड गावातल्या शिकवून तयार केलेल्या बाईच्या आणि कुणीच नसण्याच्या मध्ये होती. मेळघाटात जाणाऱ्या गटांतही या मुद्द्यावरून तट पडले. काहींनी गोळ्यांची पेटी डॉक्टरशिवाय उघडायची नाही असा नियम केला. काहींनी स्वतः औषध देण्यापेक्षा गावातली एक बाई निवडून तिला वर्षभर शिकवण्याकडे मोर्चा वळवला. पावसाळी मोहीम टिकली ती दुसऱ्या वाटेने गेलेल्यांची, असे माझे मत आहे.

सरकारने निम्मीच गोष्ट उचलली. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले, आशा म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या आल्या. 2011 मध्ये नवजात बाळाची घरभेटीतून काळजी हा कार्यक्रम देशभर लागू झाला: दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात, आणि भेटी पुऱ्या झाल्यावर 250 रुपये. वजनकाटा दिला, थर्मामीटर दिला, घड्याळ दिले. इंजेक्शन दिले नाही. 2014 मध्ये जेन्टामायसिन द्यायची मुभा नर्सबाईंना मिळाली, आशांना नाही.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका, 2015 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार, 2016 मध्ये हरिसाल हे डिजिटल गाव. (त्या काळात शेजारच्या गावांत फोनला रेंज मिळायला टेकडी चढावी लागे.) स्वयंसेवी मोहिमांचा रोखही बदलला, आता मोतीबिंदू आणि शस्त्रक्रियांची शिबिरे जास्त, घरोघरी फिरणे कमी. शिबिराची तारीख ठरते, कापडी फलक लागतो, पाहुणे येतात. जुलैत मात्र ते क्वचितच ठेवले जाते, कारण गाड्या पोचत नाहीत.

मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून 2007 मध्ये उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सुनावण्या चालूच राहिल्या. विशेषज्ञ मिळत नाहीत म्हणून बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाहेरून पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाठवायची पद्धत सरकारने सुरू केली. म्हणजे ज्या आळीपाळीच्या तुकड्यांवर तात्पुरता उपाय म्हणून टीका झाली होती, तीच पद्धत सरकारी आदेशाने रूढ झाली. नवा डॉक्टर येतो, केसपेपर पहिल्यापासून वाचतो, भाषेसाठी आशाला नाहीतर नर्सबाईंना बोलावतो आणि पंधरवडा भरला की पुढच्याकडे कार्यभार सोपवतो.