पॉइंटचा गॅप वेगळा, टायमिंग वेगळं: जुन्या रेसिंग आउटबोर्डसाठी

बोटीच्या मागे लावायच्या जुन्या रेसिंग आउटबोर्ड मोटरचं फ्लायव्हील काढलं की खाली मॅग्नेटोची (मॅग्नेटच्या जोरावर स्पार्कची वीज बनवणाऱ्या यंत्रणेची) गोल प्लेट दिसते. तिच्यावर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे विजेचे संपर्क, बसवलेले असतात. इथे दोन गोष्टी लावायच्या असतात, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग. दोन्ही एकाच जागी आणि एकाच बैठकीत होतात, म्हणून गॅप लावला की टायमिंग लागलंच असं बरेच जण धरून चालतात. साध्या मासेमारीच्या मोटरला ते कदाचित चालून जाईल. पूर्ण थ्रॉटलवर पळणाऱ्या मोटरचा पिस्टन ते सहन करत नाही.

गॅप म्हणजे पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यात राहणारं अंतर. बऱ्याच जुन्या आउटबोर्डवर ते ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असतं. टायमिंग म्हणजे पॉइंट उघडायला लागतात त्या क्षणी पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या) किती आधी आहे ते. स्पार्क पडतो तो याच क्षणी, कारण तेव्हाच कॉइलच्या प्रायमरीतला, म्हणजे पहिल्या गुंडाळीतला, करंट तुटतो.

मग घोळ होतो कशामुळे? गॅप वाढवला की क्रँकबरोबर फिरणारा उंचवट्याचा कॅम पॉइंटला लवकर उचलतो आणि स्पार्क अॅडव्हान्स होतो. गॅप कमी केला की उशिरा उचलतो आणि स्पार्क रिटार्ड होतो. म्हणजे गॅपला हात लावला की टायमिंग हलतंच. उलट मात्र होत नाही: प्लेट फिरवून टायमिंग कितीही बदला, गॅप जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे क्रम ठरलेला आहे. आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंग लावून झाल्यावर कुणी गॅप ‘जरासा’ सारखा केला, तर टायमिंग पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

टायमिंग थोडं मागे आहे म्हणून गॅप वाढवून ते पुढे आणणं मला अजिबात पटत नाही. कॉइल आणि पॉइंट दोन्ही प्लेटवर असतात, तर मॅग्नेट फ्लायव्हीलमध्ये. प्लेट फिरवली की कॉइल आणि पॉइंट बरोबरीने सरकतात. मॅग्नेट कॉइलसमोरून जाताना नेमक्या कोणत्या जागी पॉइंट उघडायचे, हे नातं तसंच राहतं आणि स्पार्कचा जोर टिकतो. गॅप बदलला की हेच नातं बिघडतं. शिवाय गॅप मोठा असेल तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात, तिथे करंट वाढायला मुळातच वेळ थोडा असतो.

गॅप मोजताना पॉइंटचा घासणारा ठोकळा कॅमच्या सर्वांत उंच जागेवर आणायचा आणि फिलर गेज (ठरावीक जाडीची पाती) कोरडं पुसून घालायचं. पॉइंटवर खड्डे पडलेले असतील तर गेजवर भरवसा ठेवू नका. पाती उंचवट्यांवर टेकते आणि खरा गॅप तिच्या मापापेक्षा मोठा असतो. असे पॉइंट बदलूनच टाकावेत. क्रँकशाफ्टचं वरचं टोकही हाताने हलवून बघा. त्याबरोबर गॅप बदलत असेल तर वरचं बेअरिंग गेलेलं आहे, आणि ते बदलेपर्यंत कुठलंच माप टिकणार नाही.

टायमिंगला यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. प्लेट पूर्ण अॅडव्हान्सच्या स्टॉपला टेकवायची, कारण शर्यतीत मोटर तिथेच चालते. प्लगच्या भोकातून डायल गेज लावून पिस्टन मोजायचा. टीडीसीजवळ पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा असतो, म्हणून नुसतं गेज बघून टीडीसी ठरवू नका. प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा स्टॉप लावा, क्रँक हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी त्याला टेकवा, दोन्ही खुणांचा मध्य काढा. पॉइंट नेमके केव्हा उघडतात ते मीटरने बघायचं, पण आधी कॉइलची वायर सोडवून. प्रायमरीचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की ती जोडलेली राहिली तर पॉइंट उघडले तरी मीटरला फरक कळत नाही.

आकडा डोळ्यांसमोर असावा म्हणून एक उदाहरण. स्ट्रोक ५० मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १०० मिलिमीटर असेल, तर टीडीसीच्या ३० अंश आधी पिस्टन सुमारे ४.१३ मिलिमीटर खाली असतो आणि ३५ अंश आधी ५.५५ मिलिमीटर. म्हणजे अंशाला तीन दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून इथे अंदाजाने भागत नाही. अॅडव्हान्स फार झाला तर डेटोनेशन (इंधनाचं मिश्रण एकदम स्फोटासारखं पेटणं) होऊन पिस्टनचा माथा खाल्ला जातो. फार रिटार्ड झाला तर ताकद जाते आणि एक्झॉस्ट तापतो. मिथेनॉलवर डेटोनेशनची भीती पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून एका इंधनाचं टायमिंग दुसऱ्याला लावू नये.

गॅपने टायमिंग जुळवायची एक रास्त जागा मात्र आहे. मर्क्युरीच्या मार्क २०एचसारख्या दोन सिलिंडरच्या मोटरीत सिलिंडर आळीपाळीने पेटतात, म्हणजे दोन स्पार्कमध्ये बरोबर १८० अंश हवेत. दोन्ही सिलिंडरचे पॉइंट एकाच प्लेटवर असतील तर प्लेट फिरवून दोघांचं टायमिंग एकदमच सरकतं, त्यांच्यातला फरक मिटत नाही. तो मिटवायला एकाचा गॅप हजारांश-दोन हजारांश इंचाने कमी-जास्त करावा लागतो. त्याहून जास्त लागत असेल तर कॅम झिजलाय किंवा पॉइंटची पट्टी वाकलीय, ते आधी शोधा.

नवे पॉइंट घातल्यावर सुरुवातीला ठोकळा भराभर घासतो. गॅप आवळतो आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. म्हणून बोटीच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर फ्लायव्हील पुन्हा काढून दोन्ही मापं घ्यायची, पुन्हा त्याच क्रमाने. तेव्हाच फ्लायव्हीलची चावीही तपासा. कॅम क्रँकवर स्वतंत्र बसवलेला असेल आणि ही चावी अर्धवट कातरली गेली असेल, तर गॅप आणि टायमिंग दोन्ही बरोबर दिसतात आणि तरीही स्पार्क मरतुकडा पडतो, कारण मॅग्नेटच जागेवरून सरकलेले असतात.