सार्वजनिक धोरण व त्याची अंमलबजावणी

समाजापुढील एखाद्या प्रश्नाबाबत शासनाने घेतलेली भूमिका आणि ती तडीस नेण्यासाठी योजलेले उपाय यांना मिळून सार्वजनिक धोरण म्हणतात. कायदा, अंदाजपत्रकातील तरतूद, कर, अनुदान, परवाना, परिपत्रक ही त्याची नेहमीची रूपे. काही न करणे हेही धोरणच असते. दरवर्षी पुरात बुडणाऱ्या वस्तीबद्दल वर्षानुवर्षे एकही आदेश निघत नसेल, तर तिला बुडू देण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो, फक्त त्यावर सही नसते.

धोरणनिर्मितीचे टप्पे पाडून अभ्यास करण्याची पद्धत अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेल यांनी 1950 च्या दशकात रूढ केली. प्रश्न पटलावर येतो, पर्याय मांडले जातात, निर्णय होतो, अंमल होतो, मग मूल्यमापन, असा क्रम पाठ्यपुस्तकांत आजही आढळतो. शिकवायला तो सोयीचा आहे. प्रत्यक्षात मात्र उपाय पुष्कळदा प्रश्नाच्या आधीच तयार असतो. एखाद्या खात्यात बंधाऱ्याचा आराखडा धूळ खात पडलेला असतो, मोठा पूर येतो, नवे मंत्री काहीतरी करून दाखवायला उत्सुक असतात आणि आठवडाभरात ती फाईल बाहेर निघते. प्रश्न, उपाय व राजकारण हे तीन प्रवाह असे थोड्या काळासाठी एकत्र येतात, अशी मांडणी जॉन किंग्डन यांनी 1984 मध्ये केली. त्याआधी 1959 मध्ये चार्ल्स लिंडब्लोम यांनी दाखवले होते, की शासन कोऱ्या पाटीवर विचार करत नाही. आहे त्यातच थोडी भर घालत किंवा काटछाट करत पुढे सरकते. अंदाजपत्रकात गेल्या वर्षीचा आकडा समोर ठेवूनच नवा आकडा ठरतो, यावरून ते सहज पटते.

निर्णय जाहीर झाला की बातमी होते. खरे अवघड काम तिथून पुढे असते. याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील ओकलंड शहराचे. 1966 मध्ये तेथील बेरोजगारांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, सुमारे 3,000 नोकऱ्या मिळाव्यात म्हणून संघीय शासनाने बंदर, विमानतळ इत्यादी कामांसाठी सुमारे 2.3 कोटी डॉलर जाहीर केले. उघड विरोध जवळजवळ नव्हता. तरीही तीन वर्षांत खर्च झाला तो 30 लाखांच्या आसपास. जेफ्री प्रेसमन व ॲरन विल्डावस्की यांनी 1973 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा वेगवेगळ्या कार्यालयांच्या सुमारे 70 संमती लागत होत्या असे दिसले. प्रत्येक ठिकाणी होकार मिळण्याची शक्यता 95 टक्के धरली, तरी सगळे होकार जुळून येण्याची शक्यता 3 टक्क्यांहूनही कमी भरते. सगळे राजी असताना काम अडते, ते असे.

साखळीचे शेवटचे टोक म्हणजे खिडकीपलीकडचा कर्मचारी. निवृत्तिवेतनाच्या अर्जाला वयाचा दाखला जोडा, असे नियम सांगतो. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईची जन्मनोंदच कधी झालेली नाही. कारकून तिला परत पाठवू शकतो, प्रतिज्ञापत्र आणा म्हणून वाट दाखवू शकतो, किंवा ‘साहेबांना विचारतो, चार दिवसांनी या’ असे सांगू शकतो. तिन्ही गोष्टी नियमात बसतात. तिच्यापुरते शासनाचे धोरण म्हणजे तो जे बोलेल ते. मायकेल लिप्स्की यांनी 1980 मध्ये शिक्षक, पोलीस, समाजसेवक अशा कर्मचाऱ्यांविषयी नेमके हेच म्हटले: रांग लांब, वेळ थोडा आणि उद्दिष्टे संदिग्ध असली, की त्यांनी काढलेल्या वाटाच धोरण बनतात. म्हणून मसुदा लिहिताना या लोकांना विचारायला हवे. ते क्वचितच विचारले जाते, आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो.

मूल्यमापन हा सर्वांत दुर्लक्षित भाग. मेक्सिकोने 1997 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत गरीब कुटुंबांना रोख मदत मिळे. अट मुलांच्या शाळेतील हजेरीची व आरोग्य तपासणीची. अभ्यासासाठी 506 गावे घेऊन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांतील 320 गावांत मदत आधी सुरू केली आणि 186 गावांत उशिरा. त्यामुळे दोन्हींची तुलना करता आली, आणि शाळेतील पटनोंदणी वाढल्याचे दिसले. 2000 मध्ये सत्ताबदल झाला. नव्या शासनाने योजना गुंडाळली नाही; नाव बदलून ती शहरांतही नेली.